क्रूसोचं सामान
या आठवड्यात धडगावच्या वाटेवर अंगणाअंगणात आमचुरासाठी सोललेल्या कैरीच्या फोडी वाळताना दिसल्या आणि लहानपणी वाचलेला रॉबिन्सन क्रूसो उगाचच आठवला. अर्धामुर्धाच, बरं का: वाळूतलं पाऊल, पोपट आणि शुक्रवारी भेटला म्हणून ‘फ्रायडे’ झालेला गडी. लेखक डीफोनं १७१९ साली क्रूसोला २८ वर्षं बेटावर ठेवलं खरं, पण फुटक्या जहाजातून कुऱ्हाडी, बंदुका, दारू सगळं आधी उतरवून दिलं! एवढ्या संसारावर कोणीही जगेल. इकडे सातपुड्यातली पावरा आदिवासी आजी पहाटे मोहाची फुलं वेचते, तीही चारचौघींबरोबर. एकट्यानं रान जिंकायची गोष्ट शुद्ध थाप आहे. उद्या तोरणमाळच्या जंगलात चुकलोच, तर मला आजीच भेटावी. मात्र ती आधी झापणार, एवढ्या उन्हात निघालास कशाला?