वृद्धाश्रमाआधीं सातबारा पाहावा

वृद्धाश्रमाचें नांव काढलें कीं खेड्यांतील माणूस अजूनही कानांवर हात ठेवतो. दोन कर्ते मुलगे असतां बाप आश्रमांत गेला, हें भावकींत सांगण्याची लाज वाटते. परंतु मुलगे पुण्या-मुंबईस, सुना नोकरीवर आणि वाड्यांत दोन थकलेले जीव, अशी स्थिति आतां गांवोगांव दिसते. अशा वेळीं चांगल्या आश्रमांत जाऊन राहण्यांत आम्हांस कांहीं कमीपणा वाटत नाहीं. कमीपणा आहे तो रिकाम्या हातानें, दुसऱ्याच्या मर्जीवर तेथें जाण्यांत.

आमची नोकरी महसूल खात्यांत फेरफाराच्या नोंदी लिहिण्यांत गेली. सर्वच मुलगे कृतघ्न असतात असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जमीन नांवावर असेपर्यंत म्हाताऱ्यास कोणता आश्रम बरा, असें विचारलें जातें. ती नांवावरून उतरली म्हणजे पुष्कळदां कोणता स्वस्त, एवढेंच पाहिलें जातें.

सबब जमीन देऊन टाकण्याची घाई करूं नये. आपल्यामागें मुलांत कज्जा नको असेल त्यानें मृत्युपत्र करावें. तें मरणानंतर अमलांत येतें व हयातींत केव्हांही बदलतां येतें. नोंदलेलें बक्षीसपत्र तसें सहज फिरवतां येत नाहीं. तेंच करणें भाग असेल, तर देणाऱ्याचा सांभाळ, औषधपाणी व प्रसंगीं आश्रमाचा खर्च घेणाऱ्यानें करावा, ही अट दस्तांतच लिहावी. सन २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयींच्या कायद्यांतील कलम २३ अन्वयें, सांभाळाची अट मोडल्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून असा दस्त रद्द करवून घेतां येतो. अट असल्यावांचून हें कलम लागू होत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं म्हटलें. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हितास धरून उदारपणें करावा असें सांगितलें. तरी निकालाच्या भरंवशावर बसण्यापेक्षां दस्तांत एक ओळ लिहिणें सोपें आहे. मुलास अट घालणें बरें दिसत नाहीं, असें कोणी म्हणेल. पण सख्ख्या भावांच्या शेतांतही आपण बांध घालतोंच. त्यानें नातें तुटत नाहीं, टिकतें.

विधवांनीं तर विशेष जपावें. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें पतीच्या हिश्शांत तिचा वांटा मुलामुलींच्या बरोबरीचा आहे. परंतु वारस नोंद होते न होते तोंच हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो.

आतां आश्रमाची निवड. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे काय, हें प्रथम पाहावें. न कळवितां जेवणाच्या वेळीं जावें. ताट, अंथरूण व संडास डोळ्यांनीं पाहावे. रात्रीं कोण हजर असतें तें विचारावें. मुख्य प्रश्न हा कीं, माणूस अंथरुणास खिळल्यावर ठेवतात काय? पुष्कळ ठिकाणीं स्वतःचें स्वतः करणाऱ्यासच घेतात, आणि पुढें तो पडून राहिला कीं नातलगांस घेऊन जाण्यास सांगतात. अनामत किती व केव्हां परत मिळेल, हें लेखी घ्यावें. शक्य तर महिनाभर राहून पाहावें व मगच अनामत भरावी. वरील कायद्यांत दर जिल्ह्यास निदान १५० जणांच्या सोयीच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण ती निराधारांकरितां; खातेदारानें तिच्यावर भिस्त ठेवूं नये.

आणखी एक गोष्ट. आश्रमाचे पैसे दरमहा द्यावे लागतात, शेतीचे मात्र सुगीलाच येतात. म्हणून निदान एका वर्षाचा खर्च स्वतःच्या नांवें बँकेंत शिल्लक ठेवावा, म्हणजे पाऊस चुकला तरी जेवण चुकणार नाहीं.

ही सर्व पाहणी हातपाय चालतात तोंवर ज्याची त्यानें करावी. जो आजारी पडल्यावर निवड करूं म्हणतो, त्याची निवड दुसरेच करतात. मुलांनींही आईबापांस बरोबर नेऊन दोन-तीन ठिकाणें दाखवावींत, आणि जेथें त्यांचें मन बसेल तेंच ठिकाण पत्करावें. ज्यांनीं आयुष्यभर कोणत्या शेतांत काय पेरावें हें ठरविलें, त्यांस शेवटीं कोठें राहावें एवढें ठरविण्याचा अधिकार राहिलाच पाहिजे.