‘निसर्गच तसा’ म्हणणाऱ्यांस

अवयवप्रत्यारोपणात स्त्रिया मागे का, असे विचारले की हल्ली एक विज्ञाननिष्ठ भासणारे उत्तर मिळते: स्त्रीचे शरीरच परका अवयव सहजी स्वीकारत नाही, त्याला कोण काय करणार? या उत्तराला आमचा विरोध आहे, आणि तो विज्ञान नाकारून नव्हे.

शास्त्र खरेच आहे. गर्भाच्या पेशींवर पित्याकडून आलेल्या ‘एचएलए’ खुणा असतात. गरोदरपणात मातेच्या रक्ताशी त्यांचा संबंध येतो आणि अनेकींच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन वर्षानुवर्षे टिकतात. १९५८ साली व्हान रूड आणि रोझ पेन यांनी स्वतंत्रपणे गर्भवती राहिलेल्या स्त्रियांच्या रक्तात ही प्रतिपिंडे दाखवली. पुढे ऊतींची जुळणी तपासण्याचे शास्त्र बरेचसे अशा मातांच्याच रक्तद्रवावर उभे राहिले. हे ऋण सहसा कोणाला आठवत नाही. तेव्हा पत्नीचे मूत्रपिंड पतीस देताना गरोदरपणाची ही अडचण येत नाही. पतीचे किंवा पोटच्या मुलाचे तिला देताना मात्र क्रॉसमॅच चाचणी आडवी येऊ शकते. आम्हां साहित्यवाल्यांना येथे लगेच रूपक दिसू लागते. तो मोह आवरलेला बरा.

कारण प्रतिपिंडे सांगतात ते एवढेच, की अमुक एक अवयव अमुक एकीला चालणार नाही. भारतात १९९५ ते २०२१ या काळात अवयव मिळालेल्या दर पाच जणांत सुमारे चार पुरुष होते, आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक, याचा उलगडा त्यांतून होत नाही. जुळत नाही हे कळण्यासाठी आधी चाचणी व्हावी लागते. तिच्यासाठी दाता शोधायला घरातून कोणी बाहेरच पडले नाही, तर दोष कोणत्या पेशीचा?

शिवाय वाटा आहेत. प्रतिपिंडे उतरवण्याचे उपचार आहेत (महाग आहेत, आणि घरातला तेवढा पैसा कोणासाठी निघतो हे वेगळे सांगायला नको). न जुळणाऱ्या जोड्यांनी दात्यांची अदलाबदल करण्यास २०११ च्या कायदादुरुस्तीने मुभा दिली. २०२५ मध्ये ‘नोटो’ने प्रतीक्षायादीत स्त्री-रुग्णांना प्राधान्य देण्याची सूचना केली.

मराठी शिकवणारे म्हणून आमचे खरे भांडण ‘त्याग’ या शब्दाशी आहे. आईने मुलाला मूत्रपिंड दिले की वृत्तपत्रे तो शब्द मथळ्यात चढवतात, आणि आम्हीही वर्गात ‘आई’वरच्या कविता त्याच सुरात शिकवतो. आईला मूत्रपिंड हवे होते आणि ते तिला मिळाले, या वाक्यासाठी आमच्या भाषेत अजून मथळा तयार झालेला नाही.