हळदीच्या वाफेवर वीज?

हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्याची खिचडी प्रसिद्ध. पण या पट्ट्याचे अर्थकारण हळदीवर चालते. हळद वाफेवर शिजवताना सरपणाची बरीच उष्णता धुराड्यातून वाया जाते. तिच्यापासून वीज होऊ शकते. अलास्कातील चेना येथे 2006 पासून झऱ्याच्या सुमारे 74 अंशांच्या पाण्यावर ती होते. मात्र अशा विजेला उष्णतेबरोबर थंडावाही लागतो आणि तिथे तो फुकट मिळतो. आपली हळद शिजते ती उन्हाळ्याच्या तोंडावर! धुराड्याच्या उष्णतेने तापवलेले 90 अंशांचे पाणी आणि 35 अंशांची हवा यांतून कोणतेही यंत्र उष्णतेच्या साधारण पंधरा टक्क्यांपलीकडे वीज काढू शकत नाही. प्रत्यक्षात निम्मे मिळाले तरी पुष्कळ. वसमतच्या हरिद्रा संशोधन केंद्राने एक हंगाम चाचणी घ्यावी: आधी वाया जाणाऱ्या उष्णतेवर हळद वाळवावी, मग पंख्यापुरती वीज काढून पाहावी. अनुदानाचा विचार ते आकडे हाती आल्यावर.