चालत्या संगणकाची सक्तीची निवृत्ती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगातील कोट्यवधी संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. त्यांचे पडदे विझले नव्हते की कळफलक झिजले नव्हते. आदल्या दिवशीची सर्व कामे ते दुसऱ्या दिवशीही करीत होते. घडले होते ते एवढेच : २०१५ साली बाजारात आलेल्या विंडोज १० या प्रणालीला सुरक्षाविषयक दुरुस्त्या मोफत पुरवणे मायक्रोसॉफ्टने थांबवले. यंत्र झिजून निकामी व्हावे हा निसर्गनियम. ते फतव्याने निकामी ठरावे हा मक्तेदारीचा नियम.

विंडोज ११ विनामूल्य मिळते, मग तक्रार कसली, असा साळसूद प्रश्न विचारला जातो. ती मिळते; परंतु तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा असल्यास तो सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. म्हणजे २०१७ साली सातव्या पिढीचा संगणक हप्त्यांवर घेणाऱ्या छोट्या मुद्रकाने किंवा शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेने आठ वर्षांत तो मोडीत काढावा!

सुरक्षिततेचा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. दुरुस्त्या थांबलेल्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचेच आहे. पण त्या दुरुस्त्या तयार होणे थांबले आहे काय? मुळीच नाही. व्यापारी संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर व पुढे दरवर्षी दुप्पट, अशा भावाने तीन वर्षांपर्यंत त्या विकण्याचे कंपनीने जाहीर केले. घरगुती ग्राहकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या मुदतवाढीचा भाव ३० डॉलर. फुकट हवी असेल, तर त्याने आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या साठवणीत ठेवावी. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये ही अट सोडण्यात आली. तेथे कंपनीच्या खात्यात नाव नोंदवणे पुरेसे ठरले. जे युरोपात जमते ते भारतात का जमू नये? याचे उत्तर तंत्रविज्ञानात नाही. ते संघटित आणि असंघटित ग्राहकांमधील फरकात आहे.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा डाव नवा नाही. १९२४ साली विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी जिनीव्हात ‘फीबस’ हा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवले. अधिक टिकाऊ दिवे बनवणाऱ्या सभासदाला दंड होई. तेव्हा निदान दिव्याची रचना बदलावी लागे; आता नुसती तारीख जाहीर केली की भागते.

मग जुन्या संगणकाच्या मालकाने करावे काय? प्रथम, घाबरून नवा घेऊ नये. संथपणाचे मूळ बहुधा फिरत्या हार्ड डिस्कमध्ये आणि अपुऱ्या रॅममध्ये असते. डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि जमेल तेथे रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, तर दहा वर्षांचे यंत्रही चपळ होते. त्यानंतर, आपल्या कागदपत्रांची नक्कल काढून, लिनक्स मिंटसारखी मुक्त प्रणाली बसवावी. लेखन, हिशेब, पत्रव्यवहार तिच्यावर होतो. युनिकोड मराठीही उमटते. केवळ विंडोजवर चालणाऱ्या कामावर ज्यांचे पोट आहे त्यांची अडचण खरी आहे. त्यांनी मुदतवाढ घ्यावी आणि त्या अवधीत पर्याय शोधावा. केरळच्या सरकारी शाळांनी दीड दशकाहून अधिक काळ मुक्त प्रणालीवर मुले शिकवून दाखवली आहेत.

कारण फेकलेला संगणक नाहीसा होत नाही. तो दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत जातो. तेथे कष्टकरी उघड्या हातांनी त्याचे भाग सुटे करतात, तांब्यासाठी वायरी जाळतात. त्या धुराची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नसते.

२०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. यंत्र चालते तोवर त्याला सुरक्षा-दुरुस्त्या मिळाल्याच पाहिजेत आणि त्या विनाअट मिळाल्या पाहिजेत, ही मागणी ग्राहक चळवळीने व कामगार संघटनांनी एकत्र येऊन केली पाहिजे. कार्यकर्त्यांनी आरंभ आपल्याच कचेरीतून करावा. कोपऱ्यात झाकून ठेवलेला संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावा. तो बहुधा मेलेला नसतो. त्याचा केवळ मृत्यूचा दाखला निघालेला असतो.