निगेटिव्ह स्कॅन करा, पण नावंही लिहा

बाबासाहेबांची अंत्ययात्रा ७ डिसेंबर १९५६ रोजी नामदेव व्हटकरांनी पदरमोड करून चित्रित केली. आपला इतिहास आपणच जपायचा, हा धडा त्यातून घ्यायला हवा.

अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये भीमजयंतीच्या मिरवणुका, नामांतराचे मोर्चे, धम्मपरिषदा यांच्या निगेटिव्ह आजही पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत. वऱ्हाडचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्या उष्णतेत रंग उडतात, ॲसिटेटची फिल्म आकसते आणि तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो. तो वास आला की वेळ थोडाच उरला, असं समजा.

घरगुती फिल्म स्कॅनर चार कार्यकर्ते वर्गणी करून घेऊ शकतात. धूळ हलकेच उडवा, फिल्म कडेने धरा, ३५ मिलिमीटरची फिल्म किमान २४०० डीपीआयवर स्कॅन करा. स्कॅन झालं म्हणून मूळ निगेटिव्ह फेकू नका.

पण खरा प्रश्न मशीनचा नाही. मंचावरच्या पुढाऱ्याचं नाव जुन्या वर्तमानपत्रात सापडेल. कडेवर लेकरू घेऊन मोर्चात चाललेल्या बाईचं कुठे सापडणार? ते वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीलाच ठाऊक असतं. तिच्यापुढे फोटो ठेवा. नाव, गाव, साल विचारा आणि फाईलसोबत लिहून ठेवा. तिच्यामागे सांगणारं कुणी उरणार नाही, मग आपलीच माणसं फोटोत नुसती 'गर्दी' होतील.

एका विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ जी माणसं लढली, त्यांचीच नावं हरवू देणं आपल्याला शोभत नाही.

जय भीम!