विश्लेषण : समाजसेवेला श्रेयांक मिळाले, पण काम कोणाच्या गरजेचे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील पदवीच्या विद्यार्थ्यांना समाजकार्यासाठी श्रेयांक मिळू लागले आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेचे (एनएसएस) शिबिर किंवा गावातील पाहणी ही आतापर्यंत आवड असलेल्या मुलांची कामे होती. आता ती थेट गुणपत्रिकेत आली आहेत. त्यामुळे संधी वाढल्या, तशी फायलीपुरत्या सेवेची शक्यताही वाढली. कोणत्या वाटा उपलब्ध आहेत आणि त्यांचा उपयोग कशावर ठरतो, याविषयी…

नेमके काय बदलले?

राज्य सरकारने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा श्रेयांक आराखडा जाहीर केला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा केल्या. त्यातील दोन रकान्यांत समाजकार्य येते. पहिला सहअभ्यासक्रमाचा (सीसी). एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, सांस्कृतिक उपक्रम यांतून विद्यार्थ्याने निवड करायची. दुसरा सामुदायिक सहभागाचा (सीईपी), जो मुख्य विषयाशी जोडलेला असणे अपेक्षित आहे. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने बचत गटाच्या हिशेबवह्या समजून घेतल्या किंवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने विहिरींचे पाणी तपासले, तर ते या रकान्यात बसते. गावात झाडलोट करून सीईपी पूर्ण झाल्याचे दाखवणे आराखड्याच्या हेतूला धरून नाही. दोन्ही रकान्यांची गल्लत मात्र सर्रास होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबानुसार अशा कामाचा एक श्रेयांक म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात ३० तास. दोन श्रेयांकांचे ६० तास होतात. एनएसएसचा स्वतःचा मापदंड याहून मोठा आहे : दोन वर्षांत २४० तास नियमित काम आणि त्याशिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर.

सेवा सक्तीची की ऐच्छिक?

हा वाद एनएसएसहून जुना आहे. राधाकृष्णन आयोगाने स्वातंत्र्यानंतर लगेच विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याचा विचार मांडला, तो ऐच्छिक स्वरूपात. पुढे १९५९ मध्ये सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी, अशी तिची शिफारस होती. त्यात काही लष्करी प्रशिक्षण, समाजसेवा आणि अंगमेहनतीचे काम असे सारेच होते. खर्च आणि अंमलबजावणीच्या अडचणींमुळे ती स्वीकारली गेली नाही. त्यानंतर के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतील योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक सेवेच्या बाजूने कौल दिला. अखेर गांधी जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत एनएसएस सुरू केली. तेव्हा स्वयंसेवक होते सुमारे ४० हजार.

आजची व्यवस्था या दोन टोकांच्या मधली आहे. एनएसएस घेणे बंधनकारक नाही, पण सहअभ्यासक्रमातील काहीतरी निवडावेच लागते. साहजिकच ‘त्यातल्या त्यात सोपे काय’ असे विचारत येणारा विद्यार्थीही आता स्वयंसेवकांच्या यादीत असतो.

शिबिराचे वेळापत्रक कोणाच्या सोयीचे?

मूळ दुखणे इथे आहे. महाविद्यालयांची विशेष श्रमसंस्कार शिबिरे बहुधा सत्र परीक्षा संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत होतात. दिनक्रम ठरलेला : पहाटे प्रभात फेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री पथनाट्य किंवा सांस्कृतिक कार्यक्रम. महाविद्यालयाच्या दृष्टीने वेळ उत्तम. गावाच्या दृष्टीने?

वनराई बंधाऱ्याचे उदाहरण घ्या. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर घातलेला हा बांध स्वस्त असतो आणि पन्नास मुलांचे हात लागले की लवकर उभाही राहतो. परंतु ओढा वाहता असतानाच तो घालावा लागतो, म्हणजे पाऊस संपल्यावर लगेच. कोकणात जानेवारीतही काही ओढ्यांना पाणी सापडेल. मराठवाड्यातील बऱ्याच ओढ्यांत तोवर दगड उघडे पडलेले असतात. वृक्षारोपणाचेही तेच. जानेवारीत लावलेल्या रोपाला पुढचे पाच महिने पाणी कोण घालणार, हे ठरलेले नसेल तर पुढच्या तुकडीला तेच खड्डे पुन्हा उकरावे लागतात. (याचा फायदा एवढाच, की माती मऊ असते!)

पाहणीची स्थिती आणखी बिकट. बीड जिल्ह्यातील अनेक गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा गावात जानेवारीत घरोघरी पाहणी केली, तर ज्यांची माहिती सर्वाधिक महत्त्वाची त्यांच्याच दाराला कुलूप असते. कापूस वेचणी आणि तुरीच्या काढणीत गुंतलेल्या गावात दुपारच्या बौद्धिकाला ग्रामस्थ कमी आणि शिबिरार्थीच जास्त दिसतात, यात नवल नाही.

उपाय अवघड नाही, पण तो शिबिराच्या आधी करावा लागतो. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, आशा सेविका यांच्याशी पावसाळ्यातच बोलून कामे ठरवता येतात. नियमित कामाचे वर्षाला १२० तास असतातच. बंधारा दिवाळीआधीच्या दोन-तीन रविवारी आणि शिबिरात पाहणीचे तक्ते किंवा शोषखड्डे, अशी विभागणी शक्य आहे. तेच गाव सलग काही वर्षे दत्तक ठेवले, तर मागच्या वर्षीचे काम टिकले का, हेही तपासता येते. छायाचित्रांच्या अहवालात ते दिसत नाही.

पैसा आणि मनुष्यबळ?

एनएसएसच्या नियमित कामासाठी एका स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये, असा दर कित्येक वर्षे होता. सात दिवसांचे ४५० म्हणजे दिवसाला ६५ रुपयांहूनही कमी. त्यात जेवण आणि साहित्य. हे दर अलीकडे वाढले, तरी गावाने दिलेली शाळेची खोली आणि कोणी पाठवलेली धान्याची पोती यांवर शिबिराचा भार असतोच. शंभर स्वयंसेवकांच्या एककाला एक कार्यक्रम अधिकारी असतो आणि तो प्राध्यापक आपले तास सांभाळून हे काम करतो. आता त्याच्याकडे श्रेयांकांच्या नोंदीही आल्या. आणखी एक अर्ज वाढवण्यापेक्षा त्याचे अध्यापनाचे तास कमी करणे जास्त उपयोगी ठरेल, पण त्या दिशेने हालचाल फारशी दिसत नाही.

एनएसएसखेरीज पर्याय कोणते?

केंद्राच्या उन्नत भारत अभियानात शिक्षणसंस्था गावे दत्तक घेतात. महाराष्ट्रात २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियान आहे, ज्यात आयआयटी मुंबईतील ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचा पुढाकार राहिला. त्याची कल्पना लक्षवेधी आहे : जिल्हा प्रशासनाला पडलेला प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासायचा. नळपाणी योजनेच्या टाकीत पाणी चढते, पण शेवटच्या वस्तीला दाब मिळत नाही, हा द्रवयांत्रिकीचा प्रश्न आहे आणि ग्रामपंचायतीच्या वीजबिलाचाही. अशा प्रकल्पाचे ६० तास विद्यार्थ्याला वर्गाबाहेरचे गणित शिकवतात आणि गावाच्या हाती नकाशा, मोजमापे असे काही तरी ठेवतात.

केंद्र सरकारचे ‘माय भारत’ संकेतस्थळ ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाले. १५ ते २९ वयोगटातील तरुण तेथे नोंदणी करून जवळपासचे उपक्रम शोधू शकतात. श्रेयांकांच्या बाहेरही वाटा आहेत. बाबा आमटे यांच्या प्रेरणेतून सुरू झालेली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात भरते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ उपक्रम तरुणांना सामाजिक कामाची दिशा शोधण्यास मदत करतो. गुणपत्रिकेत काही मिळत नसतानाही तरुण तेथे जातात, हे श्रेयांकांची रचना करणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

निवडताना विद्यार्थ्याने काय विचारावे?

काम कोणी मागितले, गेल्या वर्षीच्या तुकडीने तेथे काय केले आणि जमवलेली माहिती कोणाला दिली जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे कार्यक्रम अधिकाऱ्याकडे असतील तर त्या उपक्रमात नाव द्यायला हरकत नाही. पाहणी करणार असाल तर घरांतील नावे, आजार, उत्पन्न यांची माहिती व्हॉट्सॲपच्या गटात फिरणार नाही, याची खात्री आधी करून घ्यावी.

सेवा आणि नागरिकत्व यांतले अंतर?

महाविद्यालये श्रमदानात रमतात. कारभाराच्या वाटेला कमी जातात. रस्ता झाडणे सोपे, तो का झाडला जात नाही हे विचारणे अवघड. पण १८ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे त्याची साधने आहेत. राज्यात १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून एकच नव्हे, तर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत आणि १७ वर्षे पूर्ण होताच नमुना ६ आगाऊ भरता येतो. वसतिगृहातील विद्यार्थ्याला मूळ गाव किंवा वसतिगृह यांपैकी एका पत्त्यावर नाव नोंदवता येते. दुसऱ्या पर्यायासाठी संस्थाप्रमुखाच्या सहीचे पत्र लागते.

गावाकडे नाव ठेवणाऱ्यांसाठी ग्रामसभा आहे. वर्षाला किमान चार सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना त्या घेण्याची प्रथा आहे. चारही दिवशी महाविद्यालयाला सुट्टी असते.