नेवाळीचा कागद

युद्धकाळातले गुप्त दस्तऐवज खुले करावेत का, असा विषय निघाला की आपली गाडी थेट हिमालयात जाते. १९६२, हेंडरसन ब्रुक्स अहवाल, नेहरू चुकले की सेनापती. डोंबिवलीत राहून हा वाद मी इतक्यांदा ऐकलाय, की दोन्ही बाजू मला पाठ आहेत. माझं म्हणणं मात्र कल्याणहून मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या जागेबद्दल आहे.

नेवाळी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथे धावपट्टी बांधली. २२ जून २०१७ला याच जमिनीवरून आंदोलन पेटलं. नौदल कुंपणाची भिंत घालत होतं, शेतकरी रस्त्यावर आले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, माणसं जखमी झाली. शेतकऱ्यांचं म्हणणं, जमीन युद्धापुरती घेतली होती, परत देण्याच्या बोलीवर. सरकारचं म्हणणं, जमीन संरक्षण खात्याची. वाहिन्यांनी जळलेल्या गाड्या मनसोक्त दाखवल्या. १९४२चा कागद काय म्हणतो, हा प्रश्न त्या गदारोळात हरवला.

खरं तर सगळं त्या कागदावरच आहे. आपली वर्तमानपत्रं ‘अधिग्रहण’ आणि ‘संपादन’ हे शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतात, पण कायद्यात दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. संपादन झालं म्हणजे मालकी गेली. अधिग्रहणात ताबा जातो, मालकी राहते. १९३९च्या भारत संरक्षण नियमांतल्या ७५-अ नियमाने सरकार युद्धासाठी कुणाचीही मालमत्ता अधिग्रहित करू शकत असे. युद्ध संपल्यावर ती सोडायची किंवा रीतसर विकत घ्यायची. हे काम लांबलं, म्हणून १९४७मध्ये मुदत वाढवणारा कायदा आला, आणि पुढे १९५२चा. तेव्हा मूळ हुकूम, मोबदल्याची नोंद आणि युद्धानंतरचा निर्णय, एवढे कागद समोर ठेवले की नेवाळीचा निम्मा वाद मिटेल. ते सरकारच्या बाजूने बोलले तर तसं बोलू देत. पण कागद सांभाळण्याचं काम ज्याचं, दाखवण्याची जबाबदारीही त्याचीच. सातबारा घेऊन फिरणाऱ्या शेतकऱ्याच्या नातवाची नव्हे.

युद्धात धावपट्टीचे कागद गुप्त असणं रास्तच होतं. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले. कल्याणजवळ काय चाललंय हे जपान्यांना कळता कामा नये, हे कुणालाही पटेल. आज ती जागा मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात शाळकरी पोरालाही सापडते. शेजारच्या लष्करी छावणीचं तर १९४९मध्ये उल्हासनगर झालं, आणि लोक अजूनही ‘कॅम्प नंबर चार’ असाच पत्ता सांगतात.

याच काळात, याच मुलुखात भाई कोतवालांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. पोलीस त्यांच्या मागावर होते, आणि २ जानेवारी १९४३ला मुरबाडजवळच्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. चळवळीवर पाळत ठेवणाऱ्या त्या सरकारच्या गृह खात्याच्या ‘स्पेशल’ फायली आज मुंबईच्या पुराभिलेखागारात अभ्यासक वाचतात. मुंबई सरकारने तर १९५७पासूनच अशा सरकारी कागदांवरून साधनग्रंथ छापायला सुरुवात केली. स्वातंत्र्याला जेमतेम दहा वर्षं झाली होती, पाळत ठेवणारे आणि ज्यांच्यावर पाळत होती ते, दोघेही हयात होते, तरी आभाळ कोसळलं नाही. लंडनमध्ये भारतीयांवर हेरगिरी करणाऱ्या ‘इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स’च्या फायलीही ब्रिटिश लायब्ररीत खुल्या आहेत. म्हणजे परक्या सरकारने आपल्यावर लिहिलेलं गुपित आपण वाचू शकतो. आपल्या सरकारने आपल्यासाठी लढलेल्या युद्धांचं मात्र नाही.

जून २०२१मध्ये संरक्षण खात्याने यासाठी धोरण जाहीर केलं. युद्धाच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या करायच्या. ऐकायला छान. पण पुढची ओळ वाचा. २५ वर्षांहून जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाणार ते तज्ज्ञांनी तपासल्यावर आणि युद्धाचा इतिहास लिहून झाल्यावर. म्हणजे आधी सरकार स्वतःचा इतिहास लिहिणार, मग कागद आपल्याला मिळणार. परीक्षार्थ्यानेच आधी पेपर तपासायचा, असा हा प्रकार. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदाही गोपनीय शिक्का असलेल्या कागदाला हात लावत नाही. शिक्का काढायचा कुणी? ज्याने मारला त्यानेच. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितलं, की १९६२, १९६५ आणि १९७१च्या युद्धांच्या नोंदी त्यांच्याकडे नाहीत, आणि १५१ मंत्रालयं-विभागांपैकी जेमतेम ३६ विभागांचे कागद आहेत. २०१६मध्ये नेताजींच्या १०० फायली एका दिवसात खुल्या झाल्या, कारण त्यात राजकीय सोय होती. नेवाळीत मतं थोडी, सोय कुणाची?

देशाच्या सुरक्षेचं काय, असं विचारणारे भेटतात. खबऱ्यांची नावं काळी करा, चालू संकेतलिपी वगळा, सीमेवरच्या आजच्या ठाण्यांचे नकाशे ठेवा कुलपात. इतर देश हेच करतात. पण ऐंशी वर्षांपूर्वीच्या मोबदल्याच्या यादीत कुठली सुरक्षा आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. माझा संशय साधा आहे: बरेचसे कागद लपवलेले नसतील, तर ते शोधण्याची कुणाला गरज वाटली नसेल. ‘गोपनीय’ हा शिक्का आळसालाही उत्तम पांघरूण आहे.

तर मागणी एवढीच. कल्याण तालुक्यात १९३९ ते १९५२ या काळात युद्धासाठी घेतलेल्या प्रत्येक जमिनीचा हुकूम, मोबदल्याची नोंद आणि नंतरचा निर्णय, गावनिहाय यादी करून, मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत कुणालाही पाहता येईल असा ठेवावा. जे सापडत नाही त्यापुढे ‘सापडत नाही’ असं लिहून खाली अधिकाऱ्याने सही करावी. ही यादी लागेपर्यंत भिंतीचं काम थांबवावं.